आखाजीला भुरी कुठे ठेवायची

मेहरूणमध्ये कोणालाही विचारा, "पारूअक्का कोण हो?" उत्तर लगेच मिळेल. पिठाच्या गिरणीवरचे पुनाभाऊ चक्की बंद न करताच ओरडतील, "ती नव्हे का, मांजरीपायी सासर सोडणारी!" बायांना विचारलंत तर त्या आधी मागे वळून बघतील, मग पदर तोंडाशी धरतील. पदर तोंडाशी गेला की गोष्ट वाढणार असं समजायचं. "पाचोऱ्याला दिली होती व माय तिला. सासूने मांजरीला लाथ घातली, तर हिने मांजर टोपलीत घातली, वरून फडकं बांधलं आणि सरळ ष्टेशन गाठलं. मांजरीचं तिकीट वेगळं काढलं म्हणे." हे तिकीट अलीकडचं आहे. मी लहान असताना मांजर विनातिकीट आली होती. मागच्या वर्षी तर तिला खिडकीची जागासुद्धा मिळाली.

यातलं एक अक्षर खरं नाही. पारूअक्का माझी सख्खी आत्या, आबांची मोठी बहीण. ती पाचोऱ्याहून आली तेव्हा मी जन्मले नव्हते, पण भिंतीपलीकडच्या जुबेदाचाचीने तिला गल्लीत शिरताना पाहिलं होतं. चाची सांगते, आणि चाची सांगताना उजव्या हाताने हवेत पोळी लाटत असते, "खाली हात आयी थी गे! ना टोकरी, ना बिल्ली. एक थैली, वो बी आधी खाली. मैं पूछी, पारू, क्या हुआ? बोली, कुछ नै. बस. आज तलक वोईच जवाब है."

आणि मांजरी तर अक्काला आवडायच्याच नाहीत. दुधावर टपलेलं मांजर दिसलं की ती केरसुणी घेऊन धावायची. भुरी नावाची मांजर तिच्या पदरात पडली ती अशी, की चाचीच्या म्हाताऱ्या मांजरीने, बानोने, भिंत ओलांडून अक्काच्या खोलीत गोधड्यांच्या चळतीवर पिल्लं घातली. बाकीची बानो तोंडात धरून घेऊन गेली. एक राखाडी, मातकट रंगाचं पिल्लू तिथेच राहिलं. अक्का दोन दिवस भिंतीवरून ओरडत होती, "जुबेदा, तुनं हाई लेकरू ली जाय!" तिसऱ्या दिवशी ओरडणं बंद झालं. खोलीत गेले तर अक्का कापसाचा बोळा दुधात बुडवून पिल्लाच्या तोंडात पिळत होती. मला बघून म्हणाली, "मरी गई तर पाप लागी." त्या दिवसापासून पापाच्या भीतीने ती त्या मांजरीला भाकरी कुस्करून देत होती, तिच्या पिसवा काढत होती आणि तिला कुशीत घेऊन झोपत होती.

आता माझ्याबद्दल एवढंच सांगते, की मला माणसांचे आवाज काढता येतात. गुरुजींचा, कासाराचा, रेडिओवर बाजारभाव सांगणाऱ्याचा. अक्काचा आवाज सगळ्यांत अवघड, कारण ती बोलतच नाही. दिवसभरात तिच्या तोंडून पूर्ण वाक्य ऐकायला मिळायचं ते भुरीला हाक मारतानाच. खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून, मान थोडी तिरपी करून, आधी खालच्या सुरात "भुरे", मग जरा थांबून वर चढत, "ए भुरे, ये व माय, ये." शेवटचा "ये" असा, की कोणी तरी गुळाचा खडा पुढे केलाय. तो शेवटचा "ये" जमवायला मला फार दिवस लागले. जमला त्या दिवशी मी भिंतीआडून हाक मारली, तर भुरी तर आलीच, पण पलीकडून चाचीसुद्धा म्हणाली, "पारू, तेरी बिल्ली इधर नै है गे." अक्का शेजारीच बसून डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "माकडीन." पण तिचा खालचा ओठ हलला. अक्काचं हसणं तेवढंच.

आता आखाजी. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, नव्या बांगड्या भरतात, गाणी म्हणतात. पुरुष दिवसाढवळ्या पत्ते कुटतात आणि कोणी त्यांना काही बोलत नाही, कारण आखाजीला पैज लावायची असतेच. आणि त्याच दिवशी पितर जेवायला येतात. त्यांच्या नावाने पडवीत मातीची घागर पुजतात, तिच्यावर खरबूज आणि आंबे ठेवतात. निखाऱ्यावर तूप आणि घास सोडायचे, त्याला आगारी म्हणतात. आगारी होईपर्यंत लहान पोरसुद्धा तोंडात काही घालत नाही.

आमच्याकडे दोन फुया यायच्या, म्हणजे अक्काच्या दोन धाकट्या बहिणी. धुळ्याची द्रौपदाफुई आणि सावद्याची मंदाफुई. दोघींची पोरं, गाठोडी, डबे. त्यांना उतरायला खोली लागायची, आणि घरात दार लागणारी खोली एकच, अक्काची. म्हणून दर आखाजीला अक्का आपली गोधडी गुंडाळून चुलीपाशी यायची. माहेरवाशिणींचा सण, अक्काही माहेरीच होती, पण ती आली होती आणि परत गेली नव्हती, त्यामुळे तिला माहेरवाशीण कोणी म्हणत नव्हतं. कासार ओट्यावर बसून सगळ्यांचे हात दाबून दाबून बांगड्या चढवायचा. अक्का मागे खापरावर मांडे करत असायची. पालथ्या मातीच्या खापरावर मांडा टाकायचा, तर तो आधी दोन्ही हातांवर पसरवत कोपरापर्यंत न्यावा लागतो. घरात ते तिच्याशिवाय कोणाला जमत नव्हतं. त्यामुळे आखाजीला तिचे हात मोकळे नसत आणि त्या हातांत बांगड्याही नसत.

अशा घरात मांजर कुठे ठेवणार? दारं सताड उघडी, पोरं शेपटी ओढायला टपलेली, उकळतं पुरण, पेटतं खापर, आणि पडवीत पितरांचं तूप. म्हणून अक्का आणि चाचीचा ठराव होता. आखाजीला भुरी चाचीच्या मागच्या खोलीत. ईदला चाचीकडे भुसावळपर्यंतचे पाहुणे यायचे, तेव्हा बानो अक्काच्या खोलीत. भिंतीवरून मांजर द्यायची, सोबत तिची ओळखीची चिंधी द्यायची आणि सण संपला की दोन्ही परत घ्यायची. चाची म्हणायची, "तेरी अमानत मेरे पास, मेरी तेरे पास." ठराव वर्षानुवर्षं चालला.

अठ्ठ्याऐंशी साली तो एकदाच चुकला. चाची नातलगांकडे लग्नाला गेली होती, घराला कुलूप. भुरी घरातच राहिली आणि ऐन आगारीच्या वेळी पडवीत येऊन तुपाच्या वाटीत तोंड घालून मोकळी झाली. द्रौपदाफुईचे यजमान, झुलालफुवा, पंगतीत बसलेले. फुवा धुळ्याला कचेरीत होते. प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायचे आणि मग भिंतीवर चिकटवलेली नोटीस वाचल्यासारखं बोलायचे. "ह्हं. विषय असा आहे, आधारराव. पितरांच्या तोंडचा घास मांजराने उष्टा केला. ह्हं. पुढील आखाजीस सदर मांजर या घरात दिसल्यास मी पानावर बसणार नाही."

जावई पानावरून उठणं म्हणजे गावभर अब्रू जाणं. आबा हात जोडून म्हणाले, "नाही दिसणार, फुवा. दिसलं तर मी स्वतः पोत्यात घालून गिरणा नदीपलीकडे सोडून येतो."

मांजर मारणारे आमचे लोक नव्हेत. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याची मांजर दान करावी लागते म्हणतात. पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलं तर काही द्यावं लागत नाही. अक्का चुलीपाशी होती. तिने ते ऐकलं. मांडा खापरावर टाकता टाकता तिचे हात जरा थांबले, एवढंच मी पाहिलं.

आणि पुढच्याच वर्षी, एकोणनव्वद साली, ईद आणि आखाजी लागोपाठ आल्या. आज ईद, उद्या आखाजी. दोन्ही घरं एकाच वेळी माणसांनी भरली. चाचीच्या मागच्या खोलीत तिच्या नणंदा पोराबाळांसह, आमच्या खोलीत दोन्ही फुया. भिंतीच्या या बाजूला मांजरीमागे लावायला दार नाही, त्या बाजूलाही नाही.

अक्का तेव्हा आबांशी बोलायला गेली. ती आपण होऊन कोणाशी बोलायला गेली असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"आधार, एक दार दे माले. दोन दिन."

"अक्का, कुठलं दार देऊ? तूच सांग. देवघराला दार आहे, तिथे ठेवू मांजर?"

द्रौपदाफुई बांगड्या वाजवत म्हणाली, "काय व अक्का, आते मांजरले बी माहेरपण करशी का? लोकं आपली पोरं सांभाळतस, तू मांजर सांभाळस."

मंदाफुईने तिच्या सावद्याच्या सुरात री ओढली. तिच्याकडे 'ळ' फिरकत नाही. "अवं, मांजर म्हंजे जंगलचं जनावर, त्याले काय व्हतं? झाडावर बसन दोन दिस. माह्या डोयानं पाह्यलं मी, केयीच्या बागात किती मांजरं ऱ्हातात!"

"पोरं शेतस घरमा," अक्का म्हणाली. "रस्तावर जीपा शेतस. आन द्रौपदा, तुना नवरा शे."

आबा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले.

तोड काढली चाचीने. चाचीचे यजमान सत्तारभाई हातगाडीवर केळी विकत. सावद्याकडून कच्च्या केळीचे घड यायचे आणि चाचीच्या अंगणातल्या एका बुटक्या, बिनखिडकीच्या खोलीत पिकत. घड रचायचे, कोपऱ्यात मडक्यात गोवऱ्या धुमसत ठेवायच्या, दार लावून फटी गोणपाटाने बुजवायच्या. धुराच्या उबेने केळी पिवळी होतात. सणाचे दोन दिवस गाडी बंद, म्हणून खोली रिकामी.

"वो खोली खाली है," चाची भिंतीवरून म्हणाली. "इनो बोले, दो दिन कोई हात नै लगाता. दरवाजा बी मजबूत है. कायकू फिकर करती गे?"

अक्का ती खोली बघून आली. तिने ती झाडली, दाराच्या फटीतले गोणपाट उपसून काढले म्हणजे वारा जाईल. एका पाटीत राख ठेवली, मातीच्या परळात पाणी, वाटीत दूध आणि कोपऱ्यात स्वतःचं जुनं लुगडं अंथरलं. ईदच्या सकाळी, पाहुणे नमाजाहून परतायच्या आत, भुरीला न्यायला गेलो तर भुरी भिंतीवर बसलेली. इतक्या अनोळखी माणसांच्या वासाने तिचं अंग फुगलं होतं. माझ्या हाताला येईना, चाचीच्या हाताला येईना. मग अक्का केळीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. मान तिरपी. "भुरे. ए भुरे, ये व माय, ये."

भुरी उतरली. सरळ चालत तिच्या पायाशी गेली, पायावरून आत. अक्काने बाहेरून कडी घातली.

ईदचा दिवस नीट पार पडला. अक्का दोनदा जाऊन दार किलकिलं करून आली. दूध संपलेलं होतं. चाचीने शीरखुर्म्यातलं थोडं दूध आधीच बाजूला काढून ठेवलं होतं, तेही भुरीला मिळालं. अक्का इतकी निश्चिंत झाली, की तिने मला स्वतःहून सांगितलं, "कासारनी नक्कल कर." मी केली. कासार बायकांचे हात दाबताना पुरुषांकडे बघून कसा खोकतो, ते सगळं केलं. खालचा ओठ हलला.

आखाजीला सकाळपासून तिला खापरापासून उठता आलं नाही. माणसं जास्त, मांडे जास्त, आणि जावई आलेले. पडवीत आजोबांच्या नावाची घागर मांडली, खरबूज ठेवलं, आबांनी निखारे फुलवले. झुलालफुवा पाटावर बसले. "ह्हं," म्हणाले. "यंदा व्यवस्था उत्तम दिसते."

त्याच वेळी भिंतीपलीकडे चाचीचा पुतण्या कय्युम काम उरकून अंगणात बसून पाय धूत होता. कय्युम भुसावळहून ईदला आला होता आणि दुसऱ्या दिवशी परत जाणार होता. अंगणात कच्चे घड तसेच पडलेले पाहून त्याला वाटलं, काकांचं काम करून जावं. सण संपला की गाडीवर काय लावतील? पोरगा चांगला होता. कोणी न सांगता काम करणारा. त्याने घड उचलून खोलीत रचले, मडक्यात गोवऱ्या पेटवल्या, निघालेली गोणपाटं पुन्हा फटीत नीट ठोसली आणि कडी घातली. भुरी अनोळखी माणूस बघून लुगड्याखाली जाऊन बसली असणार. तिने आवाज केला नसणार. मांजर घाबरली की ओरडत नाही, अंग चोरते.

चाचीने विचारलं, "कय्युम, यहाँ के घड कहाँ गए?"

"लगा दिए, बडी अम्मी. धुरी बी दे दी."

चाचीची किंकाळी आमच्या पडवीत आली. "पारू! ए पारू! बिल्ली अंदर है!"

अक्काच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मांडा पसरलेला होता. तिने तो खापरावर टाकलासुद्धा नाही. तसाच हात झटकला, मांडा मातीत पडला, आणि ती भिंतीला धरून वर चढली. लुगडं नेसलेली, पन्नाशी ओलांडलेली बाई भिंतीवरून पलीकडे उतरली. मी मागोमाग. कय्युम कडी ओढत होता, गोणपाटं दारात अडकली होती. अक्काने त्याला बाजूला केलं आणि दार खांद्याने उघडलं. पांढरा, जाड, गोडूस धूर बाहेर लोटला.

"भुरे," अक्का खोकत म्हणाली. "ए भुरे, ये व माय—"

भुरी आली. पण तिच्याकडे नाही. काळवंडलेली, डोळे मिटलेले, तिच्या दोन पायांमधून बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. भिंतीवर, भिंतीवरून आमच्या पडवीत. पडवीत पंगत बसलेली. ती पानांवरून गेली, आजोबांच्या घागरीवर आपटली, खरबूज घरंगळत झुलालफुवांच्या मांडीशी जाऊन थांबलं, आणि भुरी छपरावर चढून दिसेनाशी झाली.

घागर फुटली नाही, कलंडली. पाणी निखाऱ्यावर गेलं. आगारी विझली.

फुवा उठले. एरवी त्यांचं उठणं मी सात वेळा करून दाखवलं असतं. धोतर सावरून, आधी एक पाय, मग "ह्हं". त्या दिवशी कोणीच हसणार नव्हतं. द्रौपदाफुई रडायला लागली. मंदाफुई म्हणाली, "पितर उपाशी गेले वं माय, मांजरापायी." आबा आत गेले आणि पोतं घेऊन बाहेर आले. दिलेला शब्द पाळायला. पडवीच्या मधोमध ते रिकामं पोतं धरून उभे राहिले. मांजर कुठेच नव्हती. माझ्या वडिलांचा चेहरा तेव्हा कसा होता, त्याची नक्कल मला येत नाही.

अक्का पुढच्या दाराने परत आली. खापरापाशी बसली, मातीत पडलेला मांडा उचलून गाईसाठी बाजूला ठेवला, हात धुतले आणि नवा गोळा घेतला. आबांनी निखारे पुन्हा पेटवले. फुवांची समजूत घालायला गल्लीतली म्हातारी माणसं आली. फुवा अखेर बसले, जेवले, मांडा छान झालाय असंही म्हणाले. अक्काने तो त्यांना वाढला.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती वाटीत दूध घेऊन निघायची. तलावाची कड, कडब्याच्या गंजी, शाळेच्या मागची बाजू. मी सोबत जायची. ती हाक मारायची नाही. नुसती वाटी घेऊन उभी राहायची. मी म्हटलं, "अक्का, हाक मार ना. हाक मारल्याशिवाय तिला कसं कळेल?" ती म्हणाली, "माहीत शे तिले, मी कोठे शे ते." कय्युम भुसावळहून मुद्दाम एक दिवस आला, अक्काच्या पाया पडला, आणि तिला आणखीच अवघडल्यासारखं झालं. "तुनं काय चुकनं रे भाऊ? तू तं काम करं," असं म्हणून तिने त्याला चहा दिला. बानो मधूनमधून भिंतीवर येऊन बसायची, रिकाम्या खोलीकडे बघायची आणि जायची.

आषाढ लागल्यावर मी दळण घेऊन पुनाभाऊंच्या गिरणीवर गेले, तर पिठाच्या पोत्यांमागे एक पांढरी मांजर. पीठ बसून पांढरी झालेली. एका बाजूच्या मिशा जळालेल्या, अंगावरचा उरलेला राखाडी रंग मी ओळखला. "आपणच आली," पुनाभाऊ चक्कीच्या आवाजावर ओरडले. "उंदरं मारते. माझ्या हातचं खाते. राहू दे ना!"

मी धावत घरी आले. "अक्का, भुरी सापडली! चल!"

अक्का गोधडी शिवत होती. तिने सुई कापडात टोचून ठेवली. म्हणाली, "बरी शे ना?"

"बरी आहे. जाडसुद्धा झालीय. चल ना, हाक मार, लगेच येईल."

"नही येवाव."

"येणार नाही? तुझी हाक ऐकून? लाव पैज!"

आखाजी होऊन बरेच दिवस लोटले होते, पैजेचा मोसम नव्हता. पण अक्काने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बोल, काय लावस?"

मला एकच गोष्ट हवी होती. "मी जिंकले तर पाचोऱ्याहून का आलीस ते खरं सांगायचं. टोपली, तिकीट सोडून."

"आन मी जिंकनू, तर मनी नक्कल बंद. कायमनी."

मी कबूल झाले. मी हरणार कशी?

गिरणीच्या कोपऱ्यावर अक्का थांबली. भिंतीआड उभी राहिली, भुरीला दिसणार नाही अशी. "तू मार हाक," म्हणाली. "मना आवाजमा. तुले येस ना."

पुनाभाऊंना मी चक्की बंद करायला लावली. भुरी पोत्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. मी तिला आधी माझ्याच आवाजात "काय गं" म्हटलं, तर तिने शेपटीचं टोक हलवलं, ओळख होती. मग मी मान तिरपी केली. खालच्या सुरात, "भुरे." जरा थांबले. "ए भुरे, ये व माय, ये."

इतकी नेमकी हाक मी त्याआधी कधी मारली नव्हती. शेवटचा "ये" तर जसाच्या तसा उतरला.

भुरीचे कान मागे चिकटले. ती पोत्यावरून उठली, अंग जमिनीसरसं केलं आणि माझ्यासमोरून सरपटत मागच्या दाराने गेली. पत्र्यावर तिच्या पायांचा आवाज आला, मग तोही आला नाही.

पुनाभाऊ म्हणाले, "आँ? हिला काय झालं? माझ्या हाताला तर रोज येते."

भिंतीआड अक्का उभी होती. तिला ऐकू आलं होतं. आम्ही परत निघालो. तलावाकडून वारा येत होता, तिचा पदर सारखा उडत होता आणि ती तो सारखा डोक्यावर घेत होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "हारनी तू. तरी आइक."

मग तिने सांगितलं. नवरा लवकर गेला, तेव्हा ती विशीतली. त्या घरात लग्न निघालं, बारसं निघालं, की तिला मागच्या कोठडीत बसवत. शुभकार्यात तिचं तोंड कोणाला दिसू नये म्हणून. कडी बाहेरून. "सासू वाईट नव्हती," अक्का म्हणाली. "ताट ठेवे. पानी ठेवे. हातराले सतरंजी दे. म्हने, पारबती, लोकं टोचीसन बोलतस, तुना भलासाठेच शे हाई." नणंदेच्या लग्नाला वऱ्हाड मोठं होतं, धावपळ झाली, आणि कडी काढायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर कोणाला तरी आठवण झाली. दार उघडलं तशी ती जी निघाली, ती ष्टेशनावर.

"सासू हाका मारत मांगे उनी," अक्का म्हणाली. "चांगली हाक मारे ती. रडत व्हती बिचारी."

"मग?"

"मंग काय? मी दखं नही मांगे."

घर आलं. ती आत गेली, गोधडी मांडीवर घेतली आणि कापडात टोचलेली सुई शोधायला लागली. पुढे तिने मांजर पाळली नाही. दळण घेऊन गिरणीवर मलाच पाठवायची; आपण त्या कोपऱ्याच्या पुढे जायची नाही. घरी आले की पाठ वळवून विचारायची, "पीठ बारीक शे ना?" मी म्हणायची, "बारीक आहे. जाड पण झालीय." आणि ती मान हलवायची.

पुढच्या आखाजीला फुया आल्या, ओट्यावर कासार बसला, सगळ्याजणी मला घेरून बसल्या. मी गुरुजींची केली, कासाराची केली, झुलालफुवांची तर फुवांच्या समोर केली. ते "ह्हं" म्हणाले आणि लोक लोळले. द्रौपदाफुई डोळे पुसत म्हणाली, "आते अक्कानी कर व, ती भुरेवाली! मागे करत व्हतीस ना!"

मी नव्या बांगड्या मागेपुढे करत बसले. त्यांना वाटलं लाजतेय, आणखी आग्रह करायला लागल्या.

मागून, खापरापासून, अक्काचा आवाज आला. हातांवर मांडा पसरलेला होता, म्हणून ती वळली नाही.

"नही करनार ती. पैज हारनी शे."